अन्ननलिकेतले कॅन्सरआधीचे बदल नुसत्या प्रकाशाने कळतात म्हणे. ठाणे-नवी मुंबईत कुणाला माहिती?

तलावपाळीकर | २२ फेब्रुवारी, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

बाबा, वय ६४. गेली पंधरा-सोळा वर्षं आंबट ढेकर आणि छातीत जळजळ. उपाय काय, तर शर्टाच्या खिशात चोखायच्या गोळ्यांची पट्टी. पंधरा दिवसांपूर्वी एकदाची एन्डोस्कोपी केली. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला 'बॅरेट्स' आहे म्हणाले, रिपोर्टवर सी१एम३ असं लिहिलंय. सहा तुकडे काढून तपासायला पाठवले, त्याचा निकाल काल आला: 'इंटेस्टायनल मेटाप्लेजिया, इनडेफिनिट फॉर डिस्प्लेजिया'. म्हणजे आतड्यासारखं अस्तर आहे, पण कॅन्सरआधीचा बिघाड (डिस्प्लेजिया) आहे की नाही ते नक्की सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, गोळी दिवसातून दोनदा करतो, चार महिन्यांनी परत बघू.

घाबरू नका म्हटल्यावर माणूस काय करतो? रात्रभर नेट चाळतो. त्यात वाचलं की दुर्बिणीच्या नळीतून प्रकाश टाकून, परत येणाऱ्या उजेडाच्या वर्णपटावरून, तुकडा न काढता असे बदल ओळखता येतात. हे आपल्याकडे ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुठे होतं का? होत असेल तर चार महिने हातावर हात ठेवून का बसायचं? खर्चाची तयारी आहे.

आईला अजून काही सांगितलेलं नाही.

आंबटढेकर | २२ फेब्रुवारी, रात्री ११:३२

असं रात्री जागलात तर ॲसिडिटी तुम्हालाही होणार. दिवे घ्या (म्हणजे हलकंच घ्या). बाबांना लवकर आराम पडो.

उपवनचा_वारा | २२ फेब्रुवारी, रात्री ११:४०

धाग्याचा विषयच उजेड आहे, वेगळे दिवे कशाला देताय.

नौपाड्याचे_नाना | २३ फेब्रुवारी, सकाळी ६:१५

पहिली मिसळ बंद करा. दुसरी मिसळ बंद करा. तिसरं, रात्री नऊनंतरचं जेवण. आमच्या वेळी हे बॅरेट-बिरेट नव्हतं. मी मात्र चाळीस वर्षं मामलेदारची तिखट खातोय, मला काही झालेलं नाही, तो भाग वेगळा.

सीवूड्स_सखी | २३ फेब्रुवारी, सकाळी ८:०२

नाना, एका वाक्यात बंदी आणि पुढच्यात जाहिरात.

पॅथोकाकू | २३ फेब्रुवारी, दुपारी २:२०

तलावपाळीकर, आधी ग्लासभर पाणी प्या. एकतीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले आहे, म्हणून लिहिते.

'इनडेफिनिट' म्हणजे कॅन्सर नाही. लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे हात वर केले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. अन्ननलिकेचं मूळ अस्तर सपाट पेशींचं, थरावर थर रचलेलं. ॲसिडचा मारा खाऊन खाऊन ते झिजतं आणि त्या जागी आतड्यासारखं अस्तर उगवतं, ते बॅरेट. त्याला सूज आली की पेशींची केंद्रकं फुगतात, गडद दिसतात, खेटून उभी राहतात. खरा डिस्प्लेजिया सुरुवातीला नेमका असाच दिसतो. जिना चढून ८:१४ ची लोकल पकडलेला माणूस आणि दम्याचा रोगी, फलाटावरून बघितलं तर दोघेही धापाच टाकत असतात. माणसाला पाच मिनिटं बसू द्या, मग ठरवा. गोळी दुप्पट करून थांबणं म्हणजे ते बसू देणं आहे. तुमचे डॉक्टर टाळाटाळ करत नाहीयेत.

बाबांसाठी एक आकडा. बॅरेट आहे पण डिस्प्लेजिया नाही अशा लोकांत वर्षाला हजारात एक ते पाच जणांना कॅन्सर होतो. डेन्मार्कच्या २०११ सालच्या मोठ्या अभ्यासात तो ०.१२ टक्के निघाला.

आता कामाचं. तुकड्यांच्या काचा आणि ते तुकडे बसवलेला मेणाचा ब्लॉक घेऊन, पोट-आतड्यांचंच काम करणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. याच निदानावर आमच्या आमच्यात सर्वांत जास्त मतभेद होतात, कबूल करायला लाज कसली. आणि सहा तुकडे मला कमी वाटतात. दर दोन सेंटिमीटरला चारही बाजूंनी एकेक, ही रूढ पद्धत, तिला सिॲटल प्रोटोकॉल म्हणतात. एम३ म्हणजे सर्वांत लांब जीभ तीन सेंटिमीटर, आठेक तरी यायला हवे होते. पुढच्या वेळी विचारा. भांडू नका, विचारा.

पण आठ घेतले तरी त्या अस्तराचा पाच टक्केसुद्धा भाग माझ्या काचेवर येत नाही. प्रकाशाचं प्रकरण तिथूनच सुरू झालं. ते मला नीट सांगता येणार नाही. प्रकाशवेधी कुठे दडी मारून बसलेत?

वाशीचा_वाटसरू | २३ फेब्रुवारी, रात्री ९:४५

काकू, राग मानू नका. हे सगळं 'थांबा आणि बघा' ऐकायला बरं वाटतं. माझ्या सासऱ्यांना असंच थांबवलं होतं (दुसऱ्या आजारात). परदेशात यंत्रं आहेत, इथे आणत नाहीत, कारण दर तुकड्यामागे लॅबचं बिल होतं. पैसे असतील तर सरळ बाहेर जाऊन करून या.

पॅथोकाकू | २३ फेब्रुवारी, रात्री १०:१०

राग नाही. बाहेर गेलात तरी तिथलं यंत्र 'इथे शंका आहे' म्हणाल्यावर डॉक्टर तिथलाच तुकडा काढणार आणि माझ्यासारख्याच कुणा बाईला पाठवणार. विमानाचं भाडं तेवढं जास्तीचं.

सातारची_लेक | २५ फेब्रुवारी, रात्री ८:३०

धाग्याशी थेट संबंध नाही, पण वाचून राहवलं नाही. माझी आत्या. मिश्री सकाळ-संध्याकाळ, चहा चुलीवरून उतरला की लगेच तोंडाला. तिला जळजळ कधी नव्हती. घास अडकायला लागला. तर ती भाकरी दुधात कुस्करून खायला लागली. मग वरणभात, मग नुसती पेज. सहा महिने घरात कुणाला पत्ता नाही, सगळ्यांना वाटलं वय झालं, दात गेले. मी गावी गेले तेव्हा ती ताट घेऊन पाठमोरी बसून जेवायची. एका घासाला तीनदा मान पुढे काढायची, कोंबडीसारखी. मी तिला ऐरोलीला आणलं तोवर पाणीसुद्धा परत येत होतं.

तिला या प्रकाशाने आधी कळलं असतं का?

पॅथोकाकू | २५ फेब्रुवारी, रात्री ११:०५

वाईट वाटलं गं. आत्याबाईंचा बहुतेक स्क्वॅमस प्रकार असणार, म्हणजे मूळच्या सपाट पेशींचा. आपल्या देशात अन्ननलिकेचा कॅन्सर बहुतांशी हाच. बॅरेटमधून होणारा ॲडिनोकार्सिनोमा पाश्चात्त्य देशांत जास्त, आणि प्रकाशाचं बरंचसं संशोधन त्यावर झालंय.

आत्यांच्या प्रकारात जुनी आणि स्वस्त युक्ती आहे, आयोडीनची. शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकून निळा रंग आणला होता ना, तेच. निरोगी सपाट पेशींत ग्लायकोजेन भरलेलं असतं, ल्युगॉलचं आयोडीन फवारलं की त्या तपकिरी होतात. बिघडलेल्या पेशींत ग्लायकोजेन कमी, तेवढा पट्टा फिकट राहतो. डॉक्टरला तुकडा कुठला घ्यायचा ते दिसतं. मात्र त्यासाठी बाई दुर्बिणीपर्यंत पोचायला हवी.

नौपाड्याचे_नाना | २६ फेब्रुवारी, सकाळी ६:०५

कडक चहाचा काही संबंध असतो का? आमच्याकडे उकळता पितात.

सीवूड्स_सखी | २६ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

असतो. २०१६ साली आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) ६५ अंशांवरची पेयं 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकली. चहा म्हणून नव्हे, चटका म्हणून.

नौपाड्याचे_नाना | २६ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

म्हणजे बशीत ओतून फुंकर मारून पिणारे आमचे वडील शास्त्रीय होते! आणि आम्ही त्यांना गावंढळ म्हणायचो.

प्रकाशवेधी | २८ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:००

काकूंनी हाक मारली होतीच, त्यात आज तारीख विज्ञान दिनाची. तेव्हा लांबण लागणार. मी डॉक्टर नाही, वर्णपट मोजणाऱ्या यंत्रांत आयुष्य गेलंय.

स्पेक्ट्रोस्कोपी म्हणजे प्रकाशाचा वर्णपट वाचणं. त्या नावाचं एक यंत्र नसतं, त्या नावाखाली निरनिराळे प्रकार येतात. सर्वांत सोपा विखुरण्याचा. माझी आजी साय काढलेलं दूध पातेल्यात नुसतं बघून ओळखायची, निळसर झाक असते म्हणायची. सायीतले स्निग्धाचे गोळे मोठे, ते सगळे रंग जवळपास सारखेच उधळतात म्हणून दूध पांढरं. ते काढले की मागे प्रथिनांचे बारीक कण उरतात आणि ते निळा जास्त उधळतात. म्हणजे आजी रंगावरून कणांचा आकार मोजत होती, गवळ्याशी भांडण्यापुरता का होईना. १९९८ ते २००० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या मंडळींनी अन्ननलिकेत हाच उद्योग केला. निरोगी पेशीचं केंद्रक साधारण ५ ते १० मायक्रॉनचं, बिघडलं की २० पर्यंत जातं. काकू जे रंग चढवून काचेवर बघतात ते यांनी न कापता, न रंगवता, पांढऱ्या उजेडाच्या परतीच्या चढउतारातून काढलं. अडचण अशी की परत येणारा बहुतेक उजेड खोलवर भटकून, रक्ताने रंग पिऊन आलेला असतो. वरच्या केंद्रकांवरून थेट उसळलेला भाग काही टक्केच. तो वेगळा काढणं हीच सगळी कारागिरी.

दुसरा प्रकार स्वतःच्या चमकण्याचा. निळा प्रकाश टाकला की खालच्या थरातलं कोलॅजेन हिरवट चमकतं. वरचं अस्तर जाड झालं, बिघडलं की हिरवं कमी पडून तो भाग जांभळट दिसतो. एका नजरेत मोठा पट्टा बघता येतो. पण नुसती सूज असली तरी असंच दिसतं, त्यामुळे खोट्या हाका फार. तलावपाळीकर, तुमच्या बाबांचा घोळ सुजेचाच आहे, लक्षात घ्या.

तिसरा आपला घरचा. १९२१ मध्ये युरोपातून बोटीने परतताना रमणांना भूमध्य समुद्राच्या निळाईने घेरलं. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, हे इंग्लिश शास्त्रज्ञ रॅलेंचं म्हणणं त्यांना पटेना. त्या खटपटीतून २८ फेब्रुवारी १९२८ चा रमण परिणाम आणि पुढे १९३० चं नोबेल. रेणूवर आदळलेला प्रकाश बहुतेक सगळा होता त्याच रंगाने परततो. कोटीतला एखादा कण मात्र रेणूला थोडी ऊर्जा देऊन, रंग किंचित बदलून येतो. तो बदल रेणूगणिक वेगळा. प्रथिनं, स्निग्ध, डीएनए यांचं प्रमाण त्यावरून वाचता येतं. केंद्रक फुगलं तर डीएनएच्या खुणा चढतात.

हे अन्ननलिकेत करणं म्हणजे वरातीत कुजबुज ऐकणं. दृश्य प्रकाश वापरला तर मघाची चमक सगळं बुडवते, म्हणून ७८५ नॅनोमीटरचा अवरक्त लेझर घेतात. काचेचा तंतू स्वतःच रमण खुणा देतो, म्हणून टोकाला गाळण्या बसवाव्या लागतात. आणि हे सगळं दुर्बिणीच्या २.८ मिलिमीटरच्या वाहिनीतून आत जायला हवं. तरी जमलंय, सिंगापूर आणि इंग्लंडच्या गटांनी जिवंत माणसात, सेकंदाच्या आत-बाहेर मोजून दाखवलंय.

मग घरोघर का नाही? टोक टेकवाल तिथलंच, मिलिमीटरभर जागेचंच उत्तर मिळतं. तीन सेंटिमीटरच्या नळीत किती ठिकाणी टेकवणार? काकूंची अडचण पाच टक्क्यांची, माझी त्याहून वाईट. म्हणून आधी मोठा पट्टा बघून संशय घ्यायचा, मग त्या ठिकाणी टेकवायचं आणि संशय टिकला तर काकूंना पाठवायचं, अशी जोडी लावतात.

उपवनचा_वारा | २८ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:४०

हे दुधाचं उदाहरण आमच्या भौतिकीच्या सरांनी दिलं असतं तर मी वाणिज्यला गेलो नसतो. वाचनखूण साठवली.

खारघरकरीण | १ मार्च, सकाळी १०:१२

नवी मुंबईचा उल्लेख आहे म्हणून: खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र) रमण स्पेक्ट्रोस्कोपीचं काम बरीच वर्षं चाललंय, मुख्यतः तोंडाच्या कॅन्सरवर. आपल्याकडे तंबाखूमुळे तोच प्रश्न मोठा, शिवाय गालाच्या आत टोक टेकवायला दुर्बीण लागत नाही. पण ते संशोधन आहे. खिडकीवर जाऊन 'एक रमण करून द्या' म्हणता येत नाही. माझे एक मामा खरंच गेले होते, वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन.

वाशीचा_वाटसरू | १ मार्च, सकाळी १०:३०

मग मी काय वेगळं म्हणत होतो? दाराशी यंत्र, आणि आपल्याला कात्रण.

प्रकाशवेधी | १ मार्च, सकाळी ११:०५

वाटसरू, रागाचं कारण मान्य, निष्कर्ष नाही. एका यंत्रावर शिकवलेलं गणित दुसऱ्या यंत्रावर चालेलच असं नाही. टोक जरा जोरात दाबलं तर रक्त सरकतं आणि वर्णपट बदलतो. हे सुटल्याशिवाय ते तुमच्या सासऱ्यांवर वापरलेलं तुम्हालाच आवडलं नसतं.

केंब्रिजी_ठाणेकर | १ मार्च, संध्याकाळी ५:५०

इकडे वेगळाच प्रकार निघालाय. दोरी बांधलेली कॅप्सूल गिळायची. पोटात ती विरघळते, आत दाबून बसवलेला स्पंज फुलतो, मग नर्स दोरी ओढते. येताना स्पंज अन्ननलिकेच्या पेशी खरवडून आणतो, आणि टीएफएफ३ या प्रथिनाची चाचणी करून बॅरेट आहे का बघतात. माझ्या शेजाऱ्याने केलं. म्हणाला, पतंगासारखं वाटलं, फक्त मांजा माझ्या घशात.

आंबटढेकर | १ मार्च, संध्याकाळी ६:०१

संक्रांत झाल्यावर सांगताय होय.

स्कोपवाला_दादा | ३ मार्च, रात्री १२:१५

ड्यूटी संपवून लिहितोय. घोडबंदर रोडला एका एन्डोस्कोपी युनिटला टेक्निशियन आहे, अकरा वर्षं.

वर सगळे परदेशातल्या प्रकाशाबद्दल बोलताय, पण बऱ्याच स्कोपच्या मुठीवर एक बटण आधीच असतं. दाबलं की पडदा हिरवट-निळा होतो. त्याला एनबीआय म्हणतात. फक्त ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड सोडतात, तो रक्तातलं हिमोग्लोबिन खातं, म्हणून बारीक रक्तवाहिन्या गडद उठून दिसतात. दुसऱ्या कंपन्यांच्या मशीनला नावं वेगळी. चांगल्या अस्तरात वाहिन्यांची नक्षी एकसारखी असते, बिघडलं की ती विस्कटते. साध्या उजेडात बॅरेटला साहेब लोक साल्मन रंग म्हणतात. आम्ही म्हणतो रावसाची तुकडी.

बटण सगळे दाबतात असं नाही. सकाळी यादीत वीस पेशंट असले की स्कोप खाली, स्कोप वर, पुढचा घ्या. बॅरेटला एक सेंटिमीटर बघायला एक मिनिट द्यावं असं म्हणतात. तीन सेंटिमीटरला तीन मिनिटं. ऐकायला काहीच नाही, पण टेबलावर पेशंट उमासे देत असताना तीन मिनिटं लय मोठी असतात. आधी फेस आणि चिकटा धुवावा लागतो, नाहीतर कुठलाही प्रकाश टाका, थुंकीच दिसणार. तलावपाळीकर, सकाळची पहिली वेळ मागा आणि झोपेचं इंजेक्शन घ्या. घशाला नुसता फवारा मारून करू नका.

प्रकाशवेधी | ३ मार्च, सकाळी ७:३०

दादा, सगळ्यांत उपयोगी प्रतिसाद तुमचा. एनबीआय काटेकोर अर्थाने स्पेक्ट्रोस्कोपी नाही, दोनच पट्टे बघतं. पण बघणाऱ्याचा डोळा सरावलेला असेल तर दोन पुरतात.

तलावपाळीकर | ४ मार्च, रात्री १०:००

सगळ्यांचे आभार. बाहेर जायचं डोक्यातून काढलंय. काचा आणायला गेलो तर लॅबचा माणूस म्हणतो ब्लॉक देत नाही, हरवलात तर? पुढे काय करू?

पॅथोकाकू | ४ मार्च, रात्री १०:२०

लेखी अर्ज द्या, पोच घ्या, मिळतो. आणि खरंच हरवू नका. बाबांच्या अन्ननलिकेचा तो अस्सल तुकडा आहे, पुन्हा मिळायचा नाही. घेताना नंबर रिपोर्टशी ताडून बघा.

सीवूड्स_सखी | ४ मार्च, रात्री १०:३१

नंबर बघाच. आमच्याकडे एका लॅबने माझ्या आईच्या नावावर कुणा पुरुषाच्या प्रोस्टेटचा रिपोर्ट दिला होता. आई तीन दिवस विचारत होती, हा अवयव कुठे असतो.

नौपाड्याचे_नाना | ५ मार्च, सकाळी ६:१०

हसून हसून पुरेवाट.

तलावपाळीकर | ६ जुलै, रात्री ९:३०

धागा वर आणतोय, शेवट सांगायला हवा.

मार्चमध्ये परळला दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना काचा दाखवल्या. त्यांचं मत, सुजेमुळे झालेले बदल. तरी चार महिने गोळी सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी अर्धा तास. बाबा आजवर जेवल्यावर घेत होते, हे तेव्हा कळलं.

मागच्या आठवड्यात पुन्हा एन्डोस्कोपी. सकाळची पहिली वेळ, झोपेचं इंजेक्शन. डॉक्टरांना घाबरत घाबरत एनबीआयचं विचारलं, तर ते हसले. म्हणाले, मागच्या वेळीही लावलं होतं, पण सूज इतकी होती की नक्षीच कळेना. या वेळी मला पडद्यावर दाखवलं: हिरवट पडदा, त्यावर तपकिरी रेघा, एकसारख्या, खोबऱ्याच्या करंजीच्या मुरडीसारख्या. एका जागी मुरड तुटल्यासारखी वाटली, तिथला तुकडा वेगळ्या बाटलीत. बाकी आठ ठरल्याप्रमाणे. नऊही तुकड्यांत डिस्प्लेजिया नाही. बॅरेट आहे तिथेच आहे. आता तीन वर्षांनी.

आईला सांगायला बसलो तर तिला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. रिपोर्टची फाईल तिच्याच कपाटात असते, आम्हीच विसरलो होतो.

सातारची_लेक | ६ जुलै, रात्री ९:५०

बरं वाटलं वाचून. मी माझीही तपासणी करून घेतली एप्रिलमध्ये. मिश्री मी कधी लावली नाही, पण चहा आत्यासारखाच पीत होते. आता बशी.

वाशीचा_वाटसरू | ६ जुलै, रात्री १०:१५

अभिनंदन. लॅबबद्दलचं माझं मत कायम आहे.

नौपाड्याचे_नाना | ७ जुलै, सकाळी ६:०२

मिसळीचं काय ठरलं?

तलावपाळीकर | ७ जुलै, सकाळी ८:४५

महिन्यातून एकदा, मध्यम, आणि पाव एकच. काकू, एक विचारायचं राहिलं. मेणाचा ब्लॉक अजून घरीच आहे, लॅबला परत द्यायचा राहून गेला. उकाड्यात मेण वितळेल म्हणून आईने तो फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्याशेजारी ठेवलाय. चालेल ना?

पॅथोकाकू | ७ जुलै, दुपारी १:१०

ते मेण पंचावन्न-साठ अंशांशिवाय वितळत नाही, कपाटातही राहिला असता. फ्रिजमध्ये असू दे, पण लवकर परत करा आणि तोवर वर नाव लिहा.

तलावपाळीकर | ७ जुलै, दुपारी १:२५

लिहिलं. आईने खाली 'खाऊ नये' असंही लिहिलंय.